रानातली शाळा : पाठवावे की नाही?

पाऊस ओसरला आणि धान कापणीला आले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांतून सहलींचे वारे वाहू लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यापाठोपाठ ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह येतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेचा आणि डॉ. सालिम अली यांचा १२ तारखेचा, म्हणून राज्य शासनाने २०२० साली हा सप्ताह ठरवून दिला. पुढे थंडीत वनभोजने, निसर्ग शिबिरे, ताडोबाची फेरी असे काही ना काही सुरूच असते. या दिवसांत माझ्याकडे औषधासाठी येणाऱ्यांच्या जोडीने सल्ल्यासाठी येणारे पालकही बरेच असतात. "डॉक्टरसाहेब, शाळेवाले पोरीले जंगलात नेऊन राहिले, पाठवावं का नाही?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्या-मुंबईच्या पालकाला जंगल म्हणजे सुट्टीची मौज वाटते. आपल्याकडे जंगल घराच्या परसापर्यंत येते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. साप तर दर पावसाळ्यात घरात निघतो. गडचिरोलीचा मलेरिया साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा मुलखातल्या आईने मुलाच्या सहलीच्या कागदावर सही करताना हात आखडता घेतला, तर तिला भित्री म्हणता येणार नाही.

तरीही माझे उत्तर बहुतेक वेळा 'पाठवा' असेच असते. ते का, आणि पाठवताना काय पाहावे, हे आज सविस्तर सांगतो.

डोळे, फुप्फुसे आणि मन

सुरुवात डोळ्यांपासून करू. हल्ली चौथी-पाचवीतल्या मुलांना चष्मा लागतो. जवळचे स्पष्ट दिसते, फळ्यावरचे अंधुक दिसते. हा दोष काही प्रमाणात आनुवंशिक असतो, पण दिवसभर चार भिंतींत राहणे आणि सतत जवळचे पाहणे हेही त्याचे कारण आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मुलांना बाहेर, उघड्यावर दिला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आलेली होती, तर बाहेरचा तास मिळालेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीमच हाती घेतली. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक तयार होते आणि त्यामुळे बुबुळामागचा गोल लांबट होण्याची गती मंदावते, असे तज्ज्ञ मानतात. उजेड फुकट आहे. त्याला चष्म्याच्या काचेइतकाही खर्च नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. चंद्रपूर शहर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला होता. कोळशाच्या खाणी, वीज केंद्र आणि ट्रकांची धूळ यांच्यात वाढणाऱ्या मुलांना सर्दी-खोकला, दम्याचा त्रास अधिक होतो, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. एका दिवसाच्या सहलीने दमा बरा होत नाही, हे खरे. परंतु स्वच्छ हवा कशी असते, झाडाच्या पानावर धूळ नसली तर त्याचा रंग कसा दिसतो, हे ज्या मुलाने अनुभवले नाही, ते मूल मोठे होऊन गावासाठी स्वच्छ हवा मागणार कशी?

तिसरी गोष्ट मनाची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांना वीस मिनिटे वेगवेगळ्या ठिकाणी फिरवून आणले. शहरातल्या रस्त्यावरून फिरून आल्यापेक्षा बागेतून फिरून आल्यावर त्यांचे लक्ष अधिक चांगले लागले. मुलांची संख्या थोडी होती, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. डेन्मार्कमध्ये मात्र नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचे बालपण सर्वांत कमी हिरवाईत गेले, त्यांच्यात पुढे मानसिक आजारांचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळला. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीबरोबर आढळली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली असे नव्हे. पण आजीला जे ठाऊक होते, ते आता आकड्यांतही दिसू लागले आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

मातीची तीच गोष्ट. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. मुले त्यात अठ्ठावीस दिवस खेळली. तेवढ्यात त्यांच्या त्वचेवरचे उपयुक्त जीवाणू वाढले आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने चांगले बदल दिसले. मातीत खेळणारे मूल घाणेरडे नसते; जेवणापूर्वी हात न धुणारे मूल घाणेरडे असते. हा फरक आपण लक्षात ठेवावा.

ही कल्पना परकी नाही

मुलांना उघड्यावर शिकवणे हे परदेशी फॅड आहे, असा काहींचा समज असतो. डेन्मार्कमध्ये जंगलातल्या बालवाड्या १९५० च्या दशकात सुरू झाल्या, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ साली, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद झाली आणि तिथून महात्मा गांधींची नई तालीम पुढे आली. हाताने काम करता करता, आजूबाजूच्या परिसरातून शिकायचे, हा तिचा गाभा. गडचिरोलीत बालमृत्यूंवर काम करणारे डॉ. अभय बंग हे सेवाग्रामच्या अशाच नई तालीमच्या शाळेत शिकले.

कायदाही याच बाजूने आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचे आदेश दिले. त्यानंतर २००१-०२ पासून शाळांतून राष्ट्रीय हरित सेना सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' हे पुस्तक आहेच. कागदावर सारे आहे. अडते ते फाटकाबाहेर पाऊल टाकण्यापाशी. पुष्कळ शाळांत परिसर अभ्यासाचा तास खिडक्या लावून घेतला जातो, आणि हरित सेनेचे काम म्हणजे वर्षातून एकदा रोप लावून फोटो काढणे.

आपल्याकडे वर्गांची वाण नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ सालचे. पुढे अंधारी अभयारण्याची भर पडून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या भोवतालच्या बफर क्षेत्रातील गावांच्या मुलांसाठी व्याघ्र प्रकल्पाचा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम आहे. हा उपक्रम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. फाटकाला लागून राहणारी, रोज पर्यटकांच्या जिप्सी जाताना पाहणारी ही मुले. आत काय आहे हे त्यांनी पाहिलेलेच नसे. ज्या वाघाची भीती घेऊन घरचे लोक जगतात, तो वाघ मुलांनी एकदा गाडीत सुरक्षित बसून, जाणत्या माणसाकडून समजून घेत पाहणे, यात मनाच्या आरोग्याचाही भाग आहे. न पाहिलेल्या गोष्टीची भीती नेहमी मोठी असते.

गडचिरोलीत आलापल्लीजवळचे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे जुन्या, उंच सागवानाचे वन आहे. २०१४ साली ते राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाले. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे आणि डायनासोरांचे अवशेष पाहता येतात. कमलापूरला हत्ती कॅम्प आहे. भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथे दवाखान्याच्या जोडीला १९७६ पासून आश्रमशाळा चालते आणि अनाथ वन्यप्राणी सांभाळले जातात. एवढे असताना सहल म्हटली की दूरचे वॉटर पार्कच का आठवावे?

ज्याला सारे येते त्याला काहीच येत नाही?

जंगलाच्या सहलीत आपण एक गोष्ट नेहमी विसरतो. चंद्रपूर शहरातले मूल आणि धानोऱ्याकडचे मूल, ही दोन वेगळी मुले आहेत. शहरातल्या मुलाला मोह आणि पळस ओळखता येत नाही. धानोऱ्याचे मूल मोहफुले वेचायला आईबरोबर पहाटे उठून गेलेले असते. त्याला चार कुठे पिकतो, टेंभरे कधी गोड होतात, काटवल कुठल्या कुंपणावर येते, वास्ते कधी काढायचे, कुठले टेकोडे खायचे आणि कुठले नाही, हे ठाऊक असते. पण शाळेत गेले की हे ज्ञान कुणी विचारत नाही. त्याला न येणाऱ्या गोष्टींवरच त्याची परीक्षा होते. आपल्याला काहीच येत नाही, असे हळूहळू त्यालाही वाटू लागते.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. थेट संबंध आहे. आपल्या रानभाज्यांत लोह आहे, कॅल्शियम आहे, जीवनसत्त्वे आहेत. तरोटा, केना, काटवल, शेवग्याचा पाला हे फुकटचे टॉनिक आहे. गावातले मूल शाळेत जाऊन 'ही गरिबाची भाजी' असे शिकते, आणि पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्या मागू लागते. मग हिमोग्लोबिन आठवर येते आणि आम्ही लोहाच्या गोळ्या लिहून देतो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान 'गोईण' या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. असे ज्ञान गावागावांत आहे. ते मुलांपर्यंत पोचवायला गावातल्याच एखाद्या आजीला दोन तास शाळेत बोलवावे लागेल, एवढेच.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण सर्वांनी पाहण्यासारखे आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट बसतो. प्रश्न समजून घ्यायचा, चर्चा करायची आणि मग निर्णय घ्यायचा, अशी तिथली रीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ती रुजवली. जंगल आपले आहे आणि त्याचा अभ्यास करायचा असतो, हे जिथे मोठी माणसे करून दाखवतात, तिथे मुलांना वेगळे धडे द्यावे लागत नाहीत.

सिकलसेलच्या मुलांना मागे ठेवू नका

आता ज्या कारणासाठी मुख्यत्वे हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातापायांत, पोटात, छातीत असह्य वेदना होतात. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर मूल रुग्ण, म्हणजे 'एसएस' असते. एकाकडूनच आला तर ते वाहक, म्हणजे 'एएस' असते. वाहक मुलाला सहसा त्रास होत नाही. त्याला सहलीला जायला काहीच हरकत नाही. खूप पाणी प्यावे आणि उन्हात अति दमछाक टाळावी, इतके पुरे.

अडचण येते ती 'एसएस' मुलांची. माझ्याकडे नियमित येणारी सातवीतली एक मुलगी आहे. शाळेची सहल ठरली, नावे लिहिली गेली, आणि हिचे नाव वगळले. कारण काय, तर 'आजारी आहे, जोखीम नको'. मुलीने दोन दिवस जेवण सोडले. आई मला म्हणाली, "साहेब, दुखनं तं तिले हायेच. आता वर्गातले पोरंही तिले वेगळी समजतात." मी शाळेच्या गुरुजींना एक चिठ्ठी लिहिली. तिला दर तासाला पाणी द्यावे, थंड पाण्यात उतरू देऊ नये, चढावर तिच्या चालीने चालू द्यावे, सकाळी स्वेटर आणि मोजे असावेत, रोजच्या गोळ्या बरोबर असाव्यात, ताप आला किंवा दुखू लागले तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, असे त्यात होते. गुरुजी समजूतदार होते. मुलगी गेली. परत आली ती पक्ष्यांची यादी लिहिलेली वही घेऊन, आणि मला वाचून दाखवूनच उठली.

सिकलसेलचे दुखणे कशाने उसळते? शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली, अति दमछाक झाली किंवा जंतुसंसर्ग झाला, की उसळते. या चारही गोष्टी टाळता येतात. शिक्षकाला माहिती असेल तर ते कठीण नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. पण कार्ड हे मुलाची काळजी घेण्यासाठी आहे, त्याला वगळण्यासाठी नव्हे. शिक्षकांनी कृपा करून हे ध्यानात घ्यावे. दमा, फिट्स, हृदयाचा जुना आजार असलेल्या मुलांनाही हेच लागू आहे. डॉक्टरांना विचारा, लिहून घ्या आणि शक्य असेल तर न्या.

खबरदारी कोणती घ्यावी?

*वाघ-बिबट.* मुलांना पायी नेणे फक्त वनविभागाने परवानगी दिलेल्या जागी आणि वनरक्षकाच्या सोबतीनेच. पहाटे आणि संध्याकाळी झुडपांत जाऊ नये. मुलांनी घोळक्याने, बोलत चालावे. एकट्याने मागे राहून खाली वाकणे किंवा बसणे धोक्याचे. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. म्हणून लघवीलाही मुलाबरोबर मोठे माणूस हवे. वाघ समोर आलाच तर पळू नये, पाठ दाखवू नये. एकमेकांना चिकटून उभे राहावे आणि हळूहळू मागे सरावे. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक मुलांना पाठ असावा. हे धडे फक्त सहलीचे नाहीत. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला जाणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग वर्षभर होतो.

*साप.* आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापाच्या दंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. जंगलात मुलांनी बूट आणि लांब पँट घालावी, हात बिळात किंवा दगडाखाली घालू नये. दंश झाला तर त्या हातापायाला फळी बांधून हालचाल थांबवावी, अंगठ्या-कडे काढावे, उचलून दवाखान्यात न्यावे. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडाने रक्त ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ची रुग्णवाहिका मागवावी. मुक्कामी शिबिरात मुले जमिनीवर झोपत असतील तर मण्यारचे भय असते. तिचा दंश झोपेत कळत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. असे मूल दिसले की साप पाहिला की नाही हे विचारत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

*मच्छरदाणी.* मुक्काम असेल तर मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. त्यामुळे मलेरियाचा डास आणि मण्यार, दोन्ही बाहेर राहतात. एका खर्चात दोन कामे होतात.

*विषारी बिया.* चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. मुले त्या खातात आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. गुंजेची बी दिसायला सुंदर, पण चावली तर जीवघेणी. धोतऱ्याचे फळ तसेच. बिब्याचा चीक लागला की कातडीवर फोड येतात. खाजकुहिलीने अंग जळते. एकच नियम मुलांना द्यावा : बाईंना किंवा गुरुजींना विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचे नाही. टेकोड्यांच्या बाबतीत तर जाणत्याने ओळखल्याशिवाय हातही लावू नये.

*मधमाश्या.* आग्या मोहोळ दिसले की तिथून शांतपणे दूर जावे. दगड, धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा नको. डंख झाल्यावर ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ते मूल तातडीने दवाखान्यात हलवावे.

*ऊन आणि पाणी.* आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. मार्च ते जून या काळात मुलांना दुपारी रानात नेऊच नये. थंडीतही प्रत्येक मुलाजवळ पाण्याची बाटली हवी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. तलावाजवळ मुलांना एकटे सोडू नये; ताडोबाच्या तलावात मगरी आहेत.

*परत आल्यावर.* अंघोळ, कपडे बदलणे आणि अंगावर गोचीड आहे का ते पाहणे, ही तीन कामे त्याच संध्याकाळी करावीत. दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'मूल जंगलात गेले होते' हे आवर्जून सांगावे. रक्तातला मलेरिया तपासायला हवा. अंगावर, विशेषतः काखेत किंवा जांघेत, काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस असू शकतो. वेळेत ओळखला तर तो साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो.

शाळेला विचारा हे पाच प्रश्न

सहलीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पालकांनी शाळेत जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात. दहा मुलांमागे किमान एक मोठे माणूस आहे का? वनविभागाची परवानगी आणि माहीतगार सोबत आहे का? जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठले, आणि तिथे सर्पदंशाची लस आहे याची फोन करून खात्री केली आहे का? आजारी मुलांची यादी आणि त्यांची औषधे कोणाकडे आहेत? आणि पाचवा, तितकाच महत्त्वाचा प्रश्न : मुले तिथे काय शिकणार आहेत?

हा पाचवा प्रश्न पालक विचारत नाहीत. म्हणून सहल होते, पण शिक्षण होत नाही. पन्नास मुले बसमध्ये गाणी म्हणत जातात, पोहे खातात, प्लास्टिकच्या बाटल्या टाकून येतात. घरी आल्यावर सगळे एकच विचारतात, "वाघ दिसला का?" नाही म्हटले की सहल फुकट गेली असे ठरते. त्यापेक्षा मुलांना एक साधी वही द्यावी. पाच झाडांची पाने चिकटवा, तीन पक्ष्यांचे आवाज लिहा, पाण्याजवळच्या चिखलातले ठसे काढा, गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला एका वनस्पतीचे औषध विचारून लिहा (आणि ते स्वतःवर वापरू नका), एवढे केले तरी पुष्कळ झाले. वर्षातून एकदा ताडोबाला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी महिन्यातून एक तास शाळेमागच्या बोडीवर, तलावावर किंवा गावच्या रानात जावे. डोळ्यांना, छातीला आणि मनाला जो लाभ होतो, तो वारंवार जाण्याने होतो. त्याला जिप्सी लागत नाही, तिकीट लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भागावर आजही जंगल आहे. आपली मुले त्याच्या कुशीत वाढणार, तिथेच पोट भरणार. त्यांना जंगलापासून दूर ठेवून आपण सुरक्षित करू शकणार नाही. जंगलात कसे वागावे हे शिकवूनच करू शकू. तेव्हा पालकांनो, हे पाच प्रश्न विचारा, समाधानकारक उत्तरे मिळाली की सही करा, आणि मुलाच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि एक वही न विसरता घाला.